श्रावणातला माठ आणि गुंफलेले कण

या महिन्याच्या टपालात चार पत्रे अशी निघाली की ती एकत्र वाचावीत. चारही पत्रे आपल्या विदर्भातील खेड्यांतून आलेली आहेत आणि चौघांनाही ‘क्वांटम एंटँगलमेंट’ (दोन कणांच्या स्थिती एकमेकींशी घट्ट बांधलेल्या असणे) व उष्मागतिकी (उष्णता आणि ऊर्जा यांचे शास्त्र) यांचा परस्परांशी काय संबंध आहे, हे आपापल्या बाजूने जाणून घ्यायचे आहे. एंटँगलमेंट या शब्दासाठी मी ‘गुंफण’ हा शब्द वापरतो. काही जण ‘गुंतवणूक’ असे भाषांतर करतात, परंतु गुंतवणूक म्हटले की आमच्याकडे पतसंस्था आठवते आणि ती आठवण सगळ्यांनाच सुखाची नसते.

प्रश्न : मी खेड्यातील कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. क्वांटम गुंफणीच्या साहाय्याने शास्त्रज्ञांनी उष्णता थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे वाहवून दाखवली, असे वाचनात आले. एका विद्यार्थ्याने वर्गात तेच कात्रण पुढे केले आणि ‘मग दुसरा नियम खोडायचा का?’ असे विचारले. मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. हा प्रयोग खरा आहे काय, आणि खरा असेल तर उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचे काय करायचे?
— एक शिक्षक, आर्णी तालुका, जिल्हा यवतमाळ

उत्तर : प्रयोग खरा आहे आणि नियमही शाबूत आहे. घोटाळा झाला आहे तो नियमाचे अर्धेच वाक्य पाठ करण्याच्या आपल्या सवयीमुळे. क्लॉसियसने १८५४ मध्ये हा नियम मांडला तेव्हा त्याचा आशय असा होता की, त्याच वेळी दुसरा काही संलग्न बदल घडल्याशिवाय उष्णता थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे जाऊ शकत नाही. परीक्षेच्या घाईत यातील पहिला भाग गळून पडतो आणि ‘उष्णता नेहमी गरमाकडून थंडाकडेच जाते’ एवढेच मुलांच्या वहीत उरते.

गळालेल्या भागाचा पुरावा आपल्या प्रत्येकाच्या घरात तिवईवर ठेवलेला असतो. गेल्या नवतपात मी प्रयोगशाळेतील थर्मामीटर घरी आणून दुपारी तीन वाजता ओसरीतील सावलीचे तापमान मोजले. ते ४४ अंश भरले, आणि तिथेच ठेवलेल्या माठातील पाणी २७ अंशांवर होते. सकाळी भरताना हे पाणी चांगले कोमट होते. म्हणजे ते भोवतालच्या हवेपेक्षा थंड झाल्यावरही आणखी थंड होत राहिले आणि त्याची उष्णता त्याच्याहून तप्त असलेल्या हवेत गेली. यात चमत्कार कोणालाच वाटत नाही, कारण माठाच्या अंगाला फुटलेला पाझर आपल्याला दिसतो. एका लिटर पाण्यातील एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडाले, तर उरलेल्या पाण्याचे तापमान अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उतरते. संलग्न बदल म्हणतात तो हाच : थोडे पाणी वाफ होऊन कोरड्या हवेत विखुरते, त्यामुळे एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप, वाढते आणि पाणी थंड झाल्याने घटलेल्या एन्ट्रॉपीची भरपाई होऊन वर शिल्लक राहते. हाच माठ मी श्रावणात मोजला तेव्हा हवा २९ अंशांवर आणि पाणी २८ अंशांवर होते. माठ तोच, कुंभार तोच, पाणीही त्याच विहिरीचे, पण हवेतील कोरडेपणा संपलेला असल्यामुळे माठाजवळ खर्चायला काही उरले नव्हते. पाऊस लागला की कूलर नुसती चिकट हवा फेकू लागतो, त्याचे कारणही हेच आहे.

आता तो प्रयोग. ब्राझीलमधील भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने केलेला हा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी क्लोरोफॉर्मच्या रेणूतील हायड्रोजनचे अणुकेंद्र आणि कार्बन-१३ चे अणुकेंद्र अशी जोडी घेतली. रुग्णालयातील एमआरआय यंत्र ज्या तत्त्वावर चालते, त्याच तत्त्वाच्या उपकरणाने त्यांनी या केंद्रांच्या चुंबकत्वाला हव्या त्या स्थितीत आणले. अशा केंद्राचे ‘तापमान’ थर्मामीटरने मोजता येत नाही. असंख्य रेणूंपैकी किती रेणूंतील केंद्रे चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने आहेत आणि किती विरुद्ध दिशेने आहेत, या प्रमाणावरून ते ठरते. दोन केंद्रांना वेगवेगळ्या तापमानांना आणून मिलिसेकंदांच्या हिशेबात एकमेकांच्या संपर्कात ठेवले, तेव्हा अपेक्षेप्रमाणे उष्णता गरम केंद्राकडून थंड केंद्राकडे गेली. त्यानंतर त्यांनी एकच फरक केला. तापमाने तीच ठेवली, परंतु दोन केंद्रांमध्ये आधीच एक सहसंबंध निर्माण करून ठेवला. या वेळी काही काळ उष्णता उलट वाहिली : गरम अधिक गरम झाले आणि थंड अधिक थंड.

सहसंबंध म्हणजे काय, हे सांगण्यासाठी जिनिंगमध्ये कापूस विकल्यावर मिळणारी पावती पुरेशी आहे. मूळ पावती शेतकऱ्याच्या खिशात जाते आणि तिची स्थळप्रत व्यापाऱ्याच्या पुस्तकात राहते. दोन्हींपैकी एकही न पाहणाऱ्या त्रयस्थाला दोन्ही आकडे अज्ञात असतात, पण दोन्ही समान आहेत एवढे तो निश्चित सांगू शकतो. प्रत्येक कागदाविषयीच्या अज्ञानाची नुसती बेरीज केली, तर जोडीविषयीचे त्याचे अज्ञान प्रत्यक्षाहून जास्त दिसेल, कारण एक आकडा कळला की दुसरा आपोआप कळतो. या फरकालाच परस्पर-माहिती म्हणतात. आपण वर्गात उष्णतेचा प्रवाह शिकवतो तेव्हा ही माहिती शून्य आहे, असे न बोलता गृहीत धरलेले असते. बोल्ट्झमन या भौतिकशास्त्रज्ञाच्या १८७२ मधील गणितातही हेच गृहीत होते : एकमेकांवर आदळू पाहणाऱ्या दोन रेणूंची आधीची ओळख नसावी. ब्राझीलच्या प्रयोगात ती ओळख मुद्दाम करून दिलेली होती. उष्णता उलटी वाहत असताना परस्पर-माहिती घटत गेली, आणि ती घट हिशेबात धरली की दुसऱ्या नियमाचे गणित चोख बसते. नवतपातल्या हवेचा कोरडेपणा माठाला जसा खर्चायला मिळतो, तसा या केंद्रांना आपसातील सहसंबंध खर्चायला मिळाला, आणि तो संपल्यावर त्यांची गत श्रावणातल्या माठासारखी होते. आपल्या विद्यार्थ्याला हे नक्की सांगावे.

एक दुरुस्तीही सांगतो, कारण बातम्यांत ती बहुधा येत नाही. त्या प्रयोगातील सहसंबंध क्वांटम स्वरूपाचा होता, पण ज्याला काटेकोर अर्थाने गुंफण म्हणतात त्या पायरीपर्यंत तो पोहोचलेला नव्हता. गुंफण ही सहसंबंधाची सर्वांत घट्ट जात आहे. पावती आणि स्थळप्रत यांच्यासारख्या साध्या जोडीत, आकडा दोनपैकीच एक असू शकत असेल, तर परस्पर-माहिती जास्तीत जास्त एक बिट, म्हणजे एका हो-नाही उत्तराइतकी, असते. पूर्ण गुंफलेल्या दोन कणांत ती दोन बिट असते. म्हणजे खर्चायला दुप्पट भांडवल मिळते.

या साम्यामुळे अनेकांना वाटले की, गुंफणीची स्वतःचीच एक उष्मागतिकी असेल. या कल्पनेला आधारही होता. दोन ठिकाणी बसलेल्या दोघांनी आपापल्या कणावर काहीही केले आणि फोनवरून कितीही बोलणे केले, तरी त्यांच्यातील गुंफण वाढत नाही. ती टिकते किंवा घटते. हे ऐकायला अगदी दुसऱ्या नियमासारखे आहे. परंतु लुडोव्हिको लामी आणि बार्तोश रेगुला यांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की, हे साम्य फार पुढे नेता येत नाही. आदर्श उष्मायंत्रातील बदल तोटा न होता उलटा फिरवता येतो आणि कोणता बदल शक्य आहे हे एकट्या एन्ट्रॉपीवरून ठरते. गुंफण अजिबात निर्माण न करणाऱ्या क्रियांनी केलेल्या गुंफणीच्या रूपांतरांत तशी सर्वसाधारण उलटफेर शक्य नाही आणि एन्ट्रॉपीची जागा घेईल अशी एकच राशीही नाही. दोन शास्त्रे चुलत बहिणी आहेत, जुळ्या नाहीत.

प्रश्न : आदरणीय सर, मी बारावीत आहे. पुस्तकात एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था असे दिले आहे आणि आमच्या मॅडमनी सांगितले की, अव्यवस्था म्हणजे आपल्याला कणांची नेमकी स्थिती ठाऊक नसणे. आई तूर आणि हरभरा एकाच सुपात मिसळते तेव्हा कोणता दाणा कुठे आहे ते मला ठाऊक नसते, हे समजते. पण एखाद्याला प्रत्येक दाण्याची जागा ठाऊक असेल, तर त्याच्यासाठी अव्यवस्था नाहीच ना? मग एन्ट्रॉपी चहात आहे की माझ्या डोक्यात? चहा माझ्या अज्ञानामुळे निवतो का?
— एक विद्यार्थिनी, चिमूर तालुका, जिल्हा चंद्रपूर

उत्तर : तुझे शेवटचे वाक्य मी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवले. या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातील मोठमोठ्या माणसांची झोप उडवली होती. लोश्मिटने १८७६ मध्ये बोल्ट्झमनला असेच अडवले होते : प्रत्येक रेणूची गती नेमकी उलटी केली तर सारे चित्र मागे जायला हवे, कारण गतीचे नियम दोन्ही दिशांना सारखेच चालतात. मग एकाच दिशेने जाणारा नियम तुम्ही आणलात कुठून? बोल्ट्झमनने १८७७ मध्ये मोजणीचा आधार घेतला. मिसळलेल्या दाण्यांच्या मांडण्या अगणित आणि वेगवेगळ्या राहिलेल्या दाण्यांच्या मांडण्या मोजक्या, म्हणून सूप हलवले की बहुधा मिसळच हाती येते. हे उत्तर चूक नाही. परंतु तुझी शंका त्याने पूर्ण मिटत नाही, कारण ज्याला प्रत्येक दाणा ठाऊक आहे त्याच्यापुढे एकच मांडणी असते. तिथे मोजायचे काय?

ही शंका मिटवण्यासाठी क्वांटम सिद्धांतात एक नवी सोय आहे आणि ती जुन्या भौतिकशास्त्रात नव्हतीच. श्रोडिंगरने १९३५ मध्ये गुंफणीला तिचे नाव दिले, त्याच लेखनात त्याने तिचे मर्म सांगितले : संपूर्ण वस्तूविषयी शक्य तेवढे सारे ज्ञान हाती असले, तरी तिच्या भागांविषयी तसे ज्ञान असतेच असे नाही.

वरच्या उत्तरातील कापसाची पावती तू वाचलीच असशील. आता अशी एक जोडी कल्पनेत आण की, मूळ पावतीवर आणि स्थळप्रतीवर अजून काहीच लिहिलेले नाही, पण दोन्हींवर उमटणारा आकडा सारखाच असेल एवढे पक्के ठरलेले आहे. जोडीविषयी जाणून घ्यायचे ते सारे या एका वाक्यात आले. याहून जास्त कोणाला, अगदी निसर्गालाही, ठाऊक नाही. तू पावती उघडतेस तेव्हा शून्य किंवा एक यांपैकी काहीही निघू शकते, नाणे उडवल्यासारखे, आणि दूर बसलेल्या व्यापाऱ्याच्या प्रतीवर तेच निघते. ‘आकडा आधीच लिहिलेला असणार, आपल्यालाच ठाऊक नसणार’ असे म्हणण्याचा मोह होतो. आइन्स्टाइनलाही तो झाला होता. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये या मोहाची परीक्षा घेण्याचा मार्ग काढला. कागद वेगवेगळ्या कोनांतून तपासता येतात असे समज. आधीच लिहून ठेवलेल्या आकड्यांत, तपासण्याचे कोन बदलले की जुळणीचे प्रमाण एका ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ शकत नाही. क्लॉझर यांनी १९७२ मध्ये आणि आस्पे यांनी १९८२ मध्ये प्रकाशकणांवर प्रयोग करून ही मर्यादा ओलांडली जाते हे दाखवले. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे २०१५ मध्ये सव्वा किलोमीटरहून अधिक अंतरावरील दोन इलेक्ट्रॉनांवर ती पुन्हा ओलांडली गेली, तीही शंकेच्या मोठ्या पळवाटा बंद करून. क्लॉझर, आस्पे आणि त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक गुंफलेल्या प्रकाशकणांवरील प्रयोगांसाठी मिळाले.

आता या जोडीची एन्ट्रॉपी काढ. संपूर्ण जोडीची स्थिती पूर्ण निश्चित आहे, म्हणून तिची एन्ट्रॉपी शून्य. एकट्या पावतीची स्थिती मात्र पूर्ण अनिश्चित आहे, म्हणून तिची एन्ट्रॉपी एक बिट, म्हणजे असू शकेल तेवढी जास्तीत जास्त. साध्या जगात असे कधीच होत नाही. घराचा पसारा एका खोलीच्या पसाऱ्यापेक्षा कमी कसा असेल? गुंफलेल्या जगात मात्र सारे घर अगदी लावलेले असते आणि तरी त्याची एकेक खोली विस्कटलेली असते. हे विस्कटलेपण तुझ्या डोक्यातले नाही, कारण लपलेले असे काही नाहीच जे तुला ठाऊक व्हायचे राहून गेले आहे.

आता तुझा चहा. स्टीलच्या पेल्यातील चहाचे रेणू काठाच्या धातूवर आणि वरच्या हवेवर आदळत असतात. प्रत्येक धडकेत दोघांच्या स्थिती एकमेकींत थोड्या गुंफल्या जातात. तो हवेचा रेणू पुढे दुसऱ्या रेणूवर आदळतो, तो तिसऱ्यावर, आणि चहाविषयीची माहिती स्वयंपाकघरभर पसरत जाते. ती नष्ट होत नाही. परंतु ती आता कोणत्याही एका रेणूजवळ नसून असंख्य रेणूंच्या परस्परसंबंधांत वाटली गेलेली असते. स्वयंपाकघर सर्व बाजूंनी बंद केले, तर त्याची एकत्रित स्थिती पहिल्याइतकीच निश्चित राहते, आणि तरीही फक्त चहाकडे पाहणाऱ्याला तो खोलीच्या तापमानाला आलेला, आपली जुनी ओळख विसरलेला दिसतो.

हे केवळ चित्र नाही. पोपेस्कू, शॉर्ट आणि विंटर यांनी २००६ मध्ये गणिताने सिद्ध केले की, ठरावीक ऊर्जेच्या एखाद्या मोठ्या व्यवस्थेची निश्चित क्वांटम स्थिती कशीही निवडली, तरी जवळजवळ प्रत्येक निवडीत तिचा लहानसा भाग हुबेहूब तापमान असलेल्या वस्तूसारखा दिसतो. त्याच वर्षी गोल्डस्टाइन, लेबोविट्झ, टुमुल्का आणि झांघी यांनीही स्वतंत्रपणे हेच मांडले. ‘स्थिती आपल्याला ठाऊक नाही म्हणून सर्व शक्यतांची सरासरी काढू’ ही पाठ्यपुस्तकातील पायरी मग लागतच नाही. सरासरीचे काम गुंफण करते.

प्रयोगाची गोष्ट तर मला त्याहून आवडते. हार्वर्ड विद्यापीठात २०१६ मध्ये रुबिडियमचे फक्त सहा अणू लेसर प्रकाशाने तयार केलेल्या सहा खळ्यांत, प्रत्येकी एक, असे ओळीने बसवले गेले. नंतर खळ्यांमधील अडथळे उतरवले आणि अणूंना इकडेतिकडे जाऊ दिले. एकूण स्थिती निश्चित राहिली आहे की नाही, हे तपासणे अवघड असते, म्हणून त्यांनी शेजारीच तशीच सहा अणूंची दुसरी ओळ केली आणि दोन्ही ओळी एकमेकींत मिसळवून त्यांची तुलना केली. सहाही अणू एकत्र पाहिले तर स्थिती पहिल्यासारखीच शुद्ध निघाली, आणि ओळीतील एकदोनच खळी पाहिली तर ती तापमान असलेल्या वस्तूसारखी वागत होती. वाढलेली एन्ट्रॉपी दुसरीकडून कुठूनही आलेली नव्हती, ती गुंफणीचीच होती. एका पेल्यात यापेक्षा कितीतरी अधिक रेणू असतात, पण तुझ्या प्रश्नाचे उत्तर या सहा अणूंनीच दिले आहे : चहा तुझ्या अज्ञानामुळे निवत नाही. कोणीही पाहत नसले तरी तो निवतो.

एक गोष्ट मात्र या उत्तराने सुटत नाही आणि ती तुझ्यापासून लपवणे बरे नाही. गुंफण पसरत जाते असे मी म्हटले, ते चहा आणि हवा सुरुवातीला फारशी गुंफलेली नव्हती या भरवशावर. सुरुवात तशी का होती? चहा नुकताच चुलीवरून उतरवला म्हणून, चूल पऱ्हाट्यांवर पेटली म्हणून, पऱ्हाटी सूर्यप्रकाशावर वाढली म्हणून, असे मागे मागे जात आपण विश्वाच्या आरंभाशी पोहोचतो. तो आरंभ इतका सुव्यवस्थित का होता, हे भौतिकशास्त्रातील उघडे कोडे आहे. बारावीनंतर भौतिकशास्त्र घेणार असशील, तर ते तिथेच तुझी वाट पाहत असेल.

प्रश्न : गुंफलेल्या दोन कणांपैकी एक नागपुरात ठेवून तापवला, तर गडचिरोलीत ठेवलेला दुसरा त्याच क्षणी तापेल काय?
— एक वाचक, कुरखेडा तालुका, जिल्हा गडचिरोली

उत्तर : नाही. नागपुरातील कणाला तापवा, थंड करा, मोजा किंवा फेकून द्या, गडचिरोलीतील कणाची एकट्याची स्थिती तसूभरही बदलत नाही. तिथे बसलेल्या माणसाला स्वतःच्या कणावरून नागपुरात काय घडले याचा थांगपत्ता लागू शकत नाही. बदलते ते दोघांचे निकाल पुढे शेजारी ठेवून पाहिल्यावर दिसणारे जुळणे, आणि ते पाहण्यासाठी कोणाला तरी फोन करावा लागतो किंवा एसटीने यावे लागते. नागपुरात कण तापवला तर दोघांमधील गुंफण मात्र क्षीण होते, कारण तो कण आता आपल्या नव्या शेजाऱ्यांशी गुंफला जातो.

प्रश्न : आमच्या आठवडी बाजारात एका विक्रेत्याने ‘क्वांटम ऊर्जेचे’ लॉकेट अठराशे रुपयांना विकले. गुंफणीमुळे ते विश्वातील ऊर्जा ओढून शरीराला देते, गुडघेदुखी जाते आणि पाण्यात ठेवले तर पाणी ‘चार्ज’ होते, असे तो सांगत होता. माझ्या आईने ते घेतले आहे. गुंफणीतून ऊर्जा मिळते हे शास्त्राला मान्य आहे का?
— एक शेतकरी, कारंजा तालुका, जिल्हा वर्धा

उत्तर : त्या विक्रेत्याच्या बोलण्यात एक कण सत्याचा आहे, म्हणून आधी तो वेगळा काढतो. माहिती आणि ऊर्जा यांचा विनिमय दर खरोखरच ठरलेला आहे. रोल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये दाखवले की, एक बिट माहिती पुसताना किमान अमुक इतकी उष्णता बाहेर टाकावीच लागते, आणि फ्रान्समधील लियों येथे २०१२ मध्ये लेसरच्या चिमटीत धरलेल्या अतिसूक्ष्म काचमण्यावर हा हिशेब प्रत्यक्ष तपासला गेला. उलट बाजूने, एक बिट माहिती हाती असेल तर भोवतालच्या उष्णतेतून जास्तीत जास्त तेवढेच काम काढून घेता येते. पूर्ण गुंफलेली जोडी हाती असेल तर ती दोन बिटांइतके काम देते. २०११ मध्ये तर असेही सैद्धांतिकदृष्ट्या सिद्ध झाले की, पुसायच्या माहितीशी गुंफलेली स्मृती जवळ असेल, तर पुसताना उष्णता बाहेर टाकण्याऐवजी भोवताल थंडही होऊ शकतो.

आता दर पाहू. आपल्या घरातील साधारण तापमानाला एका बिटाची किंमत अशी आहे : एका ज्यूलचे एकावर एकवीस शून्ये इतके भाग करा आणि त्यांतले जेमतेम तीन भाग घ्या. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ ज्यूल लागतात. तेवढ्यासाठी सातवर वीस शून्ये इतक्या गुंफलेल्या जोड्या, एकही न बिघडता, खर्ची घालाव्या लागतील. आणि त्या जोड्या तयार करताना किमान तेवढेच काम आधी खर्चलेले असते. बियाणे फुकट मिळाले आणि पीक विकले असा हा व्यवहार नाही. उसने आणलेले धान्य परत मोजून देण्यासारखा आहे.

शिवाय गुंफण टिकवणे हेच सर्वांत कठीण काम आहे. वरच्या पत्रातील चहा ज्या कारणाने निवतो त्याच कारणाने ती विरते : भोवतालचा प्रत्येक रेणू तिला आपल्याकडे ओढून पसरवून टाकतो. म्हणूनच अतिसंवाहक क्वांटम संगणकांच्या चिप निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य त्या सर्वांत कमी तापमानाच्या, वर अंशाच्या जेमतेम शंभराव्या भागाइतक्या तापमानात ठेवाव्या लागतात. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम अभियानाला ६,००३.६५ कोटी रुपयांची मंजुरी दिली, ती असली कठीण यंत्रे, संवेदक आणि सुरक्षित संदेशवहन यांसाठी. मे महिन्यातील आठवडी बाजारात माणसाच्या गळ्यात, ३७ अंशांच्या घामेजलेल्या अंगावर टिकणारी आणि गुडघ्याला ऊर्जा पुरवणारी गुंफण कोणाजवळ असती, तर त्याला बाजारात चादर पसरून बसावे लागले नसते.

आमच्या गावातही एकाने असेच लॉकेट घेतले होते. ते मी मागून आणले. वरचे पितळी झाकण उचकटल्यावर आत रुपयाएवढी काळी चकती निघाली, आणि टेबलावर सांडलेला लोखंडाचा कीस तिला चिकटला. साधे चुंबक होते. आईंचे मन दुखवायचे नसेल तर त्यांच्यासमोरच पाणी तपासा. एकाच माठातून दोन सारखे पेले भरा, एकात लॉकेट सोडा, दोन्ही सावलीत शेजारी ठेवा आणि अर्ध्या तासाने दोन्हींत थर्मामीटर बुडवा. थर्मामीटर शाळेत मागितला तर मिळेल. गुडघ्यांसाठी त्यांना तालुक्याच्या रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांकडे न्यावे, आणि पावती जपून ठेवली असेल तर पुढच्या बाजारी ती त्या विक्रेत्यापुढे धरून पैसे परत मागावेत.